सेल्फ जोरात फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही

नारायणगावच्या एका वाहतूकदार वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून मजकूर तेवढा थोडक्यात देतो.

"सर, माझी २०१८ची कॉमन रेल डिझेल पिकअप आहे, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत. टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशीला जातो. पंधरा दिवसांपूर्वी रिकामी परत येताना माळशेज घाटात चढावर गाडी एकदम बंद पडली. वीस-पंचवीस मिनिटं थांबलो, परत सेल्फ मारला तर लगेच सुरू झाली, म्हणून सोडून दिलं. परवा रात्री ७० क्रेट भरून निघालो, ओतूरला चहाला थांबलो. दहा मिनिटांनी किल्ली मारली तर सेल्फ फिरतो, पण इंजिन काही उठेना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. माल दुसऱ्या गाडीत भरला आणि टोचन करून गाडी गॅरेजला आणली. सकाळी मिस्त्रींनी आल्या आल्या बॅटरी बदलली, डिझेल फिल्टर बदलला, मग सेल्फ मारला. सेल्फ दणक्यात फिरतोय, सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. आता ते म्हणतात पंप आणि चारही नोझल उतरवायला लागतील, साठेक हजार धरून चाला. चुलतभाऊ म्हणतो आधी धक्का मारून बघू. काय करू? गाडीचा हप्ता चालू आहे."

दादा, पहिल्यांदा सांगतो, डिझेलचा पंप उतरवू देऊ नका. आज तरी नाही. आणि धक्काही मारू नका. दोन्हीची कारणं पुढे देतो.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द "एकदम" हा आहे. मी आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो, तेव्हा मुलांच्या हातात पान्हा देण्याआधी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारायला लावायचो: "हळूहळू झालं की एकदम?" झिजणारी वस्तू निरोप देऊन जाते. नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारे भाग, झिजले तर आधी सकाळी गाडी उशिरा सुरू व्हायला लागते, धूर वाढतो, एका जागी उभी असताना इंजिन लंगडतं, ॲव्हरेज पडतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या तर इंजिन ऑइल प्यायला लागतं. हे सगळं महिनोन् महिने चालतं. तुम्ही यातलं काहीही लिहिलेलं नाही. घाटात धडधाकट चालणारं इंजिन क्षणात बंद होतं, गार झाल्यावर जणू काही झालंच नाही असं सुरू होतं, आणि पंधरा दिवसांनी गरम असताना पुन्हा बंद राहतं. असं वागणं झिजलेल्या लोखंडाचं नसतं. वायर, फ्यूज, रिले (करंट जोडणारा-तोडणारा स्विच), सेन्सर किंवा मध्येच अडलेलं डिझेल, यांपैकी कशाचं तरी असतं.

आता एकेक बघू. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि नेमक्या क्षणी डिझेल आत गेलं पाहिजे. कॉमन रेल इंजिनात पंप सगळ्या नोझलसाठीचं डिझेल एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवतो आणि फवाऱ्याचा तो नेमका क्षण कॉम्प्युटर ठरवतो, म्हणून कॉम्प्युटरला इंजिन कुठे आणि किती वेगाने फिरतंय हे कळायला हवं. तुमच्या गाडीची अडचण मला इथेच दिसते.

सेल्फ दणक्यात फिरतो म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि अर्थिंग ठीक आहेत. बॅटरी बिघडली नव्हती, तुम्ही रात्री सेल्फ मारून मारून उतरवली होती. जुनी परत मागून घ्या आणि चार्ज करून तपासा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात नसेल, तर ती अजून कामाची आहे. शिवाय सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिटभर सोडायचं. नाहीतर गाडी राहते बाजूला आणि सेल्फची मोटर जळते.

तो दणक्याचा आवाज मात्र एकदा कान देऊन ऐका. चांगलं डिझेल इंजिन सेल्फवर फिरताना "घर्र... घर्र... घर्र" अशी लय देतं, दर वेळी एक पिस्टन दाबापाशी आला की आवाज जरा जड होतो. ती लय नसेल आणि सेल्फ एकसारखा, हलका, शिट्टीसारखा फिरत असेल, तर पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा टायमिंगचा बेल्ट किंवा चेन तुटल्याची शंका धरायची आणि त्या क्षणापासून सेल्फला हात लावायचा नाही, कारण पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. गाडी गार झाल्यावर मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला ही शक्यता कमी वाटते. तरीही ऐका. फुकटची तपासणी आहे.

आता किल्ली फिरवा, सेल्फ न मारता, आणि डॅशबोर्डकडे बघा. इंजिनचा पिवळा दिवा पेटला पाहिजे. तो पेटतच नसेल तर कॉम्प्युटरपर्यंत करंटच पोचत नाही, मग फ्यूज आणि मुख्य रिलेपासून सुरुवात करायची. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर मिचकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नाही, दुसरी किल्ली लावून बघा. कॉइलचं चिन्ह म्हणजे गार इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग. आपल्याकडच्या हवेत, आणि तेही गरम इंजिनाला, हीटर प्लगशिवाय सुरू होण्यात सहसा अडचण येत नाही, म्हणून ते सध्या बाजूला ठेवा.

मग सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फिरतं, तेवढ्याने बऱ्याच गाड्यांत काटा जागेवरून थोडा उचलतो. काटा मेल्यासारखा पडून राहिला तर इंजिनाच्या फेऱ्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या. काही गाड्यांत इतक्या कमी फेऱ्या काट्यावर दिसतच नाहीत, म्हणून हा पुरावा नाही, संशय आहे. पुरावा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, देईल.

हा क्रँक सेन्सर बोटाएवढी वस्तू आहे. फ्लायव्हीलजवळ (इंजिनामागचं जड चाक) किंवा पुढच्या पुलीपाशी बसवलेला असतो. समोरून दातेरी चाक फिरतं, बऱ्याच इंजिनांत त्याच्या ६० दातांपैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात, आणि ती मोकळी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहे ते समजतं. हा संदेश थांबला तर कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन उभं आहे, आणि उभ्या इंजिनात तो डिझेल सोडत नाही. म्हणून धूर नाही. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असता तर डिझेल जातंय पण पेटत नाही असं मी म्हटलं असतं, आणि मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग यांकडे वळलो असतो. तुमच्याकडे धूरच नाही. डिझेल आतच जात नाही.

सेन्सरच्या आतली तार किंवा टाका तापल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर परत जुळतो, हा या भागाचा नेहमीचा आजार. माळशेजचा चढ म्हणजे इंजिन भरपूर तापलेलं. ओतूरलाही तेच. आणि चालत्या गाडीपेक्षा बंद केलेल्या गाडीत दहा-पंधरा मिनिटं हे भाग जास्त तापतात, कारण वारा थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं आणि इंजिनाची धग बाहेर येत राहते. चहाला थांबून परत किल्ली मारताना गाडी रुसावी, हे या आजाराशी अगदी जुळतं.

मग सकाळी गार इंजिनावर का सुरू झाली नाही? पत्र मी तीनदा वाचलं ते याच ओळीसाठी. सकाळी मिस्त्रींनी आधी फिल्टर बदलला, *मग* सेल्फ मारला. गार झालेल्या इंजिनावर फिल्टर उतरवण्याआधी एकदाही सेल्फ मारून बघितला नाही. कदाचित ती तेव्हा सुरू झाली असती. नवा फिल्टर बसवताना लाइनमध्ये हवा शिरते, आणि ती काढली नाही तर चांगली गाडीही सुरू होत नाही. म्हणजे आता तुमच्या गाडीत दोन दोष असू शकतात, एक मूळचा आणि एक गॅरेजात आलेला. मिस्त्रींना दोष देत नाही, घाईच्या वेळी हे कुणाहीकडून होतं. पण दुसरा दोष काढल्याशिवाय पहिला दिसणार नाही.

म्हणून आज एवढं करा. फिल्टरच्या डोक्यावर किंवा लाइनवर हातपंप किंवा रबरी फुगा असेल. फिल्टरवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल यायला लागेपर्यंत दाबत राहा. मग स्क्रू आवळा आणि फुगा दगडासारखा कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर टाकीकडून हवा खेचली जातेय. फिल्टरची सील, पाइपाची क्लिप, टाकीतून येणारा पाइप, सगळं हाताने चाचपा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत किल्ली चालू-बंद चार-पाच वेळा केली की लाइन भरते. जुना फिल्टर टाकला नसेल तर त्यातलं डिझेल पारदर्शक बाटलीत ओता आणि तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली बसेल, डिझेल वर राहील. पावसाळ्यात उघड्या पिंपातून किंवा डब्यातून डिझेल भरणाऱ्या गाड्यांत मी अशा बाटलीत बोटभर पाणी पाहिलंय. हल्ली काही ड्रायव्हर याचा दोष इथेनॉलला देतात. आपल्याकडे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, पंपावरच्या डिझेलमध्ये नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. रेलपासून नोझलकडे जाणाऱ्या जाड लोखंडी पाइपांच्या नटांना पान्हा लावू नका, मिस्त्रींनाही लावू देऊ नका. जुन्या गाड्यांत नोझलचा नट सैल करून हवा काढायची पद्धत होती, कॉमन रेलला ती चालत नाही. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. इथे चालत्या इंजिनात दाब हजार बारच्या पुढे जातो. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडीतून आत शिरते. वर लाल ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालंच तर मलम लावत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हवा काढल्यावर गाडी सुरू झाली, तर ती बरी झाली असं समजू नका. माळशेजचा दोष अजून गाडीतच आहे.

सुरू झाली नाही तर स्कॅनर लावा. तुमच्या मिस्त्रींकडे नसेल तर नारायणगाव किंवा मंचरला कुणाकडे तरी असेलच, स्कॅनरवाला गॅरेजला बोलावून घ्या. त्याच्याकडून फक्त दोषाचे कोड वाचून घेऊ नका. सेल्फ मारताना दोन आकडे बघायला सांगा: इंजिनाच्या फेऱ्या आणि रेलचा दाब.

आधी फेऱ्या. सेल्फ फिरतोय आणि पडद्यावर शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. पी ०३३५ हा कोड आला तर तो याच सेन्सरच्या सर्किटचा. पण कोड आला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. गरम होऊन मध्येच सुटणारा दोष पुष्कळदा कोड न ठेवता जातो. फेऱ्याच दिसत नसतील तर रेलच्या आकड्यावरून काही ठरवू नका, कारण इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळलेलंच नाही. उलट्या क्रमाने तपासल्यामुळे कितीतरी चांगले पंप टेबलावर आलेले मी पाहिलेत.

फेऱ्या नीट दिसत असतील तर मग रेलचा दाब. नोझल उघडायला कॉम्प्युटरला साधारण दोनशे बार तरी लागतात. तेवढा दाब होत नसेल, कोड पी ००८७ असेल, तर डिझेल कुठेतरी कमी पडतंय किंवा गळतंय. आधी टाकी ते पंप हा कमी दाबाचा रस्ता, मग पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह, मग नोझलची परतीची गळती, म्हणजे नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल. चारही नोझलच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, सेल्फ मारायचा आणि कुठल्या बाटलीत किती डिझेल आलं ते बघायचं. एकाच बाटलीत भसाभस आलं तर तो एकच नोझल सगळ्यांचा दाब खातोय. एक नोझल दुरुस्त करणं आणि चारही नोझल अधिक पंप उतरवणं, यांच्या बिलातला फरक तुमच्या दोन महिन्यांच्या हप्त्याएवढा असेल. बाटलीच्या चाचणीशिवाय कुणी पंप उतरवायची गोष्ट काढली तर "आधी चाचणी दाखवा" म्हणा, आणि समोर उभे राहा.

सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर बोटाने शेवटपर्यंत तपासा. सायलेन्सरला चिकटून भाजलीय का, कनेक्टरमध्ये ऑइल शिरलंय का, पिन हिरवट झाल्यात का. कांद्याच्या चाळीशेजारी उभ्या राहणाऱ्या एका पिकअपला गॅरेजवाल्याने नवा कॉम्प्युटर सांगितला होता. मालक रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. उंदराने इंजिनामागे वायर कुरतडलेली होती, दोन इंच. टोमॅटोच्या शेडजवळ तुमची गाडीही रात्री उभी राहत असेल, म्हणून सांगतो. सेन्सर काढल्यावर त्याच्या टोकाकडेही बघा. चुंबकाला लोखंडाचा भुसा चिकटलेला असेल तर तो पुसून परत लावल्यावरही फरक पडतो, आणि तो भुसा कुठून आला हे बघायला हवं. नवा घ्यायचा तर कंपनीचाच घ्या. पंपाच्या बिलापुढे त्याची किंमत काहीच नाही, आणि रस्त्यावरच्या स्वस्त सेन्सरची दातेरी चाकापासूनची गॅप कधी कधी बसत नाही.

आता धक्क्याचं. सेल्फ चांगला फिरत असताना धक्का मारून वेगळं काही मिळत नाही. कॉम्प्युटर डिझेल सोडत नसेल तर गाडी डोंगरावरून लोटली तरी सोडणार नाही. उलट बंद इंजिनावर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि स्टीअरिंग जड होतं, म्हणजे ढकलणारा आणि बसलेला दोघेही धोक्यात. आणि एअर फिल्टर काढून आत ईथरचा किंवा कसलाही स्प्रे मारायची कल्पना कुणी काढली तर सरळ नाही म्हणा. आत तापलेले हीटर प्लग असतात, भडका उडतो, इनटेक फाटतो, माणसं भाजतात.

जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या पंपाच्या पिकअप चालवणाऱ्यांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे "एकदम बंद"चं पहिलं ठिकाण म्हणजे पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, डिझेल सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह. किल्ली चालू केल्यावर "टक्" असा आवाज आला पाहिजे. येत नसेल तर त्याच्या वायरला टेस्ट लॅम्प लावा, फ्यूज बघा. आवाज येत असेल तर हवा काढा. शंभरात बरीच कामं इथेच संपतात.

दादा, तुमच्या पत्रातली माळशेजची ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी गाडी रिकामी होती आणि तुम्ही चढावर होता. हाच दोष भरलेल्या गाडीला उतारावर, पावसात, समोरून एसटी येत असताना झाला असता तर एक-दोन दाबांत ब्रेक दगडासारखा आणि स्टीअरिंग लोखंडासारखं झालं असतं. नेमका दोष सापडेपर्यंत या गाडीने माल घेऊन घाट उतरायचा नाही. चार फेऱ्या भाड्याच्या गाडीने करा, पैसे जातील, जाऊ देत.

आणि दुरुस्ती झाली की लगेच वाशीची फेरी लावू नका. पहिली फेरी रिकामी, नारायणगाव ते आळेफाटा आणि परत, सपाट रस्त्यावर. इंजिन चांगलं तापवा, आळेफाट्याला बंद करा आणि चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं. मग किल्ली मारा. तापलेल्या इंजिनावर असं चार वेळा, चार दिवस, पहिल्या सेल्फला उठली तर क्रेट भरा. एकदा जरी अडखळली तर स्कॅनर तिथेच, गरम असताना लावा, गार होऊ देऊ नका. काय निघालं ते मला नक्की कळवा.